मूल आजारी पडते तेव्हा
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मला ‘बालकांचे आरोग्य’ हा विषय दिला. मी आहार, स्वच्छता व व्यायाम यांचे नियम सांगावेत अशी त्यांची अपेक्षा असावी. पण ते नियम आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलींना माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. मला पडणारा प्रश्न निराळा आहे. बारामतीत २०१९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत गावोगावी अंगणवाड्या आहेत, आशाताई आहेत, लस विनामूल्य मिळते. असे असूनही आजारी मूल उपचारापर्यंत उशिरा का पोहोचते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी दवाखान्यातून उठून घराच्या ओसरीवर यावे लागते.

गोवराचेच उदाहरण घ्या. मुलाच्या अंगावर पुरळ उठले की आपल्याकडे ‘देवी आली’ असे म्हणून घरात फोडणी बंद होते, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला जातो व पाहुण्यांना दाराशीच थांबविले जाते. यांत उपहास करण्याजोगे काही आहे असे मला वाटत नाही. पाल्याने मुलाचे काही बिघडत नाही, आणि परक्या माणसास दूर ठेवणे तर साथीच्या काळात शहाणपणाचेच आहे. बिघडते ते औषध वर्ज्य मानल्यामुळे. गोवरातून न्यूमोनिया होतो, हगवण लागते, ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असल्यास दृष्टीही जाते. मूल धापा टाकू लागल्यावरही देवीचा कोप होईल म्हणून दिवस मोजीत बसणे, हे मात्र कोणत्याही देवीस मान्य असेल असे मला वाटत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने मुले दगावली. वैद्यकीय साधनांची वाण नसलेल्या शहरात हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

लशीविषयीच्या संशयाचा इतिहास तर आपणा ज्ञातिसंस्थांच्या लोकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली व ती यशस्वी झाली; हिंदुस्थानातील ही पहिली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचीत. तेव्हा पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघे तो हा की, हे मूल कोणत्या जातीचे? हलक्या मानलेल्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलास नको, म्हणून कित्येकांनी दार लावून घेतले. रोगाने मात्र जात विचारली नाही. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० साली देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित झाले.

आता घरातील निर्णयाविषयी. मुलाचा ताप आईस आधी कळतो, परंतु बाहेर पडण्याची परवानगी सासूबाईंची, पैसे मामंजींच्या वा पतीच्या हाती, आणि तोही कारखान्यावर पाळीला गेलेला. सून बोलावयास धजत नाही आणि रात्र जाते. म्हणून आरोग्याचे व्याख्यान केवळ तरुण मातांपुढे देण्याची आपली प्रथा मला अपुरी वाटते. आज पुढच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंनीच ऐकावे : जुलाब होत असता मुलाचे पाणी तोडू नका. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांच्या मिश्रणाने असंख्य प्राण वाचविले. तीच आपली जलसंजीवनी. तिच्या जोडीला भाताची पेज, ताक व अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळंतिणीचा पहिला चीकही पिळून टाकू नये.

येथवरचे आपल्या मुलांविषयी झाले. परंतु दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या परिसरांत बीडकडून व नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, आणि आपल्याच फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीतील मुलाचा हिशेब करून पाहा. दसऱ्याला जन्मलेल्या बालकाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लशी सगळ्या गळीत हंगामातच येतात. नाव गावाकडच्या यादीत, मूल इकडच्या उसात. गोवराची पहिली मात्रा नऊ महिन्यांनी, तेव्हा ते घरी असते. सोळाव्या महिन्यापासूनची दुसरी मात्रा पुन्हा पुढच्या हंगामात सुरू होते. आई म्हणेल की अंगणवाडीत जाते, तर मुकादमाचा खाडा पडतो. नवराबायकोचा मिळून एक कोयता, ती गेली म्हणजे त्याचेही काम अडते, आणि उचल तर आधीच घेतलेली. अशा मातेस आपण ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो! तिच्याशी दवाखान्यात एकेरीत बोलले जाते, तिच्या लुगड्याकडे पाहून तिला शेवटी बोलावले जाते. हे मी स्वतः पाहिले आहे. एकदा असा अनुभव आल्यावर ती पुन्हा कशाला येईल?

वास्तविक शासनाची लस मूळ गाव न पाहता जेथे मूल असेल तेथे देता येते. अडते ते फक्त कोपीपर्यंत जाण्याचे व एका दिवसाच्या मजुरीचे. म्हणून आपल्यातील ऊस-बागायतदारांपुढे मी इतकेच मांडतो. टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात मुकादमाकडून पाच वर्षांखालील मुलांची नावे घ्यावीत व ती आशाताईंकडे पोहोचवावीत. लसीकरणाच्या दिवशी त्या मातेचा खाडा धरू नये; धरलाच, तर तो संस्थेच्या निधीतून भरावा. गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांतून उरणारी शिल्लक त्यास पुरी पडेल की नाही, हे खजिनदारांनी दुपारच्या बैठकीत सांगावे. ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे.