अमेरिकेच्या अंगणातील देशी झाडे



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त १८७६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात एक भव्य प्रदर्शन भरले होते. जपानने तेथे जी झाडेझुडपे मांडली त्यांत रुंद पानांची, जांभळ्या सुवासिक फुलांची एक वेल होती. तिचे नाव कुडझू. पाहणाऱ्यांना ती आवडली आणि दक्षिणेकडील संस्थानांत घरांच्या ओसऱ्यांवर ती सावलीसाठी चढू लागली. पुढे साठ वर्षांनी, कापसाच्या सततच्या पिकाने दक्षिणेतील जमिनी धुपून गेल्या, तेव्हा सरकारला या वेलीची आठवण झाली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मृद्संधारण सेवेने तिची सात कोटींहून अधिक रोपे तयार केली आणि ती लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत मदत देऊ केली. वेल वाढली, माती धरून राहिली. पण ती थांबली नाही. झाडे, विजेचे खांब, ओस पडलेली घरे तिने झाकून टाकली. १९५३ मध्ये शिफारस केलेल्या वनस्पतींच्या यादीतून तिचे नाव वगळण्यात आले आणि १९७० मध्ये त्याच सरकारच्या कृषी खात्याने तिला तण ठरविले.

या साऱ्या व्यवहारात वाईट हेतू असलेला कोणी सापडत नाही. धूप थांबावी, हाच सर्वांचा उद्देश होता. प्रश्न विचारला गेला तो एवढाच की ही वेल माती धरते काय. ती आणखी काय करील, तिला खाणारा कीटक या भूमीत आहे काय, हे कोणी विचारले नाही.

कुडझूची कथा अमेरिकेत इतकी गाजली की तिच्यात अतिशयोक्तीही शिरली. वन खात्याच्या मोजणीप्रमाणे या वेलीने व्यापलेले वनक्षेत्र सुमारे सव्वादोन लाख एकर भरते. उलट, बागेच्या कुंपणासाठी आणलेल्या प्रिव्हेट नावाच्या आशियाई झुडपाने त्याच्या चौदा पट, म्हणजे सुमारे बत्तीस लाख एकर वनक्षेत्र गाठले आहे. त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. सुबकपणे कातरलेले कुंपण कोणाला धोक्याचे वाटत नाही. पक्षी त्याची फळे खातात आणि बी रानात पडते, ते कोणाच्या नजरेस येत नाही.

नगराच्या नोकरीतील एक माळी

अमेरिकेतील बागांत देशी झाडांना मान मिळवून देणाऱ्यांत येन्स येन्सन याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तो जन्माने डॅनिश. १८६० मध्ये जन्मलेला हा तरुण शिकागोस आला आणि तेथील पश्चिम विभागाच्या सार्वजनिक उद्यानांत साधा मजूर म्हणून लागला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उद्यानांत परदेशी फुलांचे भौमितिक वाफे असत. ही फुले शिकागोच्या हवेत टिकत नसत. दरवर्षी नवी आणावी लागत. येन्सन सुटीच्या दिवशी शहराबाहेरील माळरानावर फिरे. तेथील रानफुले कोणी पाणी न घालता तरारलेली पाहून त्याने ती खणून आणली आणि १८८८ मध्ये युनियन पार्कच्या एका कोपऱ्यात ‘अमेरिकन बाग’ उभी केली. ज्या झुडपांना शहरवासी तण म्हणत, तीच पाहण्यास लोक जमू लागले.

येन्सन उद्यानाचा अधीक्षक झाला. परंतु राजकीय मंडळींच्या आर्थिक गैरव्यवहारात सामील होण्यास त्याने नकार दिला, त्यामुळे १९०० मध्ये त्याची नोकरी गेली. १९०५ मध्ये कारभार बदलल्यावर त्याला परत बोलावून संपूर्ण विभागाची जबाबदारी देण्यात आली. पुढे त्याने घडविलेल्या कोलंबस पार्कमध्ये परिसरातील माळ, नदीकाठ आणि रान यांचे रूप उतरले आहे. जे मूळचे त्या भूमीचे होते, तेच त्याने शहरात परत आणले.

इथे ‘देशी’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. अमेरिका हा खंडप्राय देश आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातील सग्वारो हे उंच निवडुंग त्या देशाचे आहे, म्हणून ते न्यूयॉर्कमध्ये देशी ठरत नाही. त्या त्या प्रदेशाची माती, पाऊस आणि थंडी यांच्याशी हजारो वर्षे जुळत आलेली वनस्पती, ती देशी. राज्याच्या किंवा राष्ट्राच्या सीमेशी तिचा संबंध नाही. नावावरही विसंबता येत नाही. ‘केंटकी ब्लूग्रास’ हे हिरवळीचे गवत केंटकी संस्थानाचे नाव मिरविते, पण ते मूळचे अमेरिकेचे नसून युरोप-आशियाकडील आहे.

अळीची गरज

अशा गवताची हिरवळ अमेरिकेत घरोघरी, शाळांपुढे, कचेऱ्यांपुढे पसरलेली आहे. उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार तिचे क्षेत्र सुमारे चार कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक आहे. पाणी, खत आणि यंत्राचे इंधन खाणारे हे पीक कोणाच्याही ताटात येत नाही.

हिरवळीने आणि परदेशी शोभेच्या झाडांनी कोणाचे काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी अळ्या मोजून दिले. बहुतेक कीटकांच्या अळ्या वाटेल ते पान खात नाहीत. झाडे आपल्या संरक्षणासाठी पानांत विविध रसायने साठवितात आणि ती पचविण्याची शक्ती ज्या कीटकाने पिढ्यान् पिढ्या कमावली, तोच त्या झाडावर जगतो. अमेरिकेच्या पूर्व भागात ओक वृक्षांवर पतंग-फुलपाखरांच्या ५०० हून अधिक जातींच्या अळ्या आढळतात; चीनहून आणलेल्या गिंको वृक्षावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पानांना छिद्र नाही म्हणून माळी गिंकोवर खूश असतो. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ते झाड म्हणजे रिकामे कोठार होय.

चिकडी हा चिमणीहूनही लहान पक्षी. घरट्यातील एक वीण वाढविण्यासाठी त्याच्या जोडीला सहा ते नऊ हजार अळ्या आणाव्या लागतात. वॉशिंग्टनच्या आसपासच्या घरांच्या अंगणांत केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की जेथे हिरव्या वनस्पतींतील देशी वाटा सत्तर टक्क्यांहून कमी होतो, तेथे या पक्ष्याची संख्या टिकत नाही. दाणे टाकून ही उणीव भरत नाही. पिलाला अळीच लागते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना याचे उदाहरण बांधावरही सापडेल. रुईच्या पानावर पट्टेरी अळी दिसते. तिचेच पुढे नारिंगी फुलपाखरू होते. अमेरिकेत या फुलपाखराचे भावंड आहे, मोनार्क नावाचे, जे कॅनडापासून मेक्सिकोच्या डोंगरापर्यंत हजारो किलोमीटर प्रवास करते. त्याची अळी मिल्कवीड या वनस्पतीवरच वाढते, आणि मिल्कवीड ही रुईच्याच कुळातील, तशीच चिकाची. शेतांतून तणनाशकाने मिल्कवीड गेले, तसे मोनार्कही घटले. म्हणून आता अनेक शाळांच्या आवारात मुले हे ‘तण’ मुद्दाम लावतात.

कापणीची तारीख

टेक्सस संस्थानातील महामार्ग खात्याने १९३० नंतरच्या दशकात एक साधा निर्णय घेतला. रस्त्याच्या कडेची रानफुले फुलून त्यांचे बी पडेपर्यंत तेथील गवत कापावयाचे नाही. निळ्या ब्लूबॉनेटच्या फुलांनी भरलेले तेथील रस्ते आज प्रवाशांचे आकर्षण झाले आहेत. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन याच संस्थानातल्या. त्यांच्या आग्रहातून १९६५ चा महामार्ग सौंदर्यीकरण कायदा झाला आणि १९८२ मध्ये अभिनेत्री हेलन हेज यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय रानफूल संशोधन केंद्र स्थापन केले. १९८७ च्या कायद्याने तर महामार्गांच्या सुशोभनावरील केंद्रीय खर्चाचा किमान पाव टक्का देशी रानफुलांसाठी राखून ठेवला. पाव टक्का ही रक्कम थोडी. पण अंदाजपत्रकात शीर्ष निर्माण झाले की काम सुरू होते, हे प्रशासनातील मंडळींना सांगावयास नको.

सर्वत्र मात्र हे सुरळीत झाले नाही. अनेक गावांत ठराविक उंचीपेक्षा गवत वाढू दिल्यास दंड करण्याचे नियम होते व आहेत. अंगणात माळरानाची फुले लावणाऱ्या नागरिकांना नोटिसा आल्या, प्रकरणे न्यायालयात गेली. मेरीलँडने २०२१ मध्ये आणि मिनेसोटाने २०२३ मध्ये कायदा करून अशा बागांना संरक्षण दिले. शेजाऱ्यांची तक्रारही अगदीच निराधार नसते. देशी बाग आणि दुर्लक्षित जागा यांतील फरक लांबून कळत नाही. उद्यानरचनेच्या अभ्यासक जोन नासॉवर यांनी १९९५ मध्येच यावर उपाय सुचविला होता. वाटेच्या कडेची पट्टी नीट कापावी, कुंपण किंवा फलक लावावा, म्हणजे ही वाढ कोणीतरी मुद्दाम राखली आहे हे पाहणाऱ्यास समजते.

महाराष्ट्राच्या मातीत

अमेरिका खंडातील झाडे महाराष्ट्रास नवी नाहीत. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू आणि हारातील निशिगंध मूळचे मेक्सिकोचे. देवळापुढचा पांढरा चाफाही त्याच बाजूचा. त्यांनी येथे कोणाची जागा बळकावली नाही आणि त्यांना हाकलण्याचे कारणही नाही. परंतु शोभेसाठी आणलेली घाणेरी डोंगरउतारांवर पसरून गुरांचा चारा व रानातील रोपे दाबून टाकते, हे प्रत्येक गुराखी जाणतो. सामाजिक वनीकरणात लावलेले गिरिपुष्प आणि सुबाभूळ हेही तिकडचेच. बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प उपयुक्त आहे, यात शंका नाही. संपूर्ण टेकडी त्यानेच भरून टाकणे ही वेगळी गोष्ट. मेक्सिकोत जे झाड रानाचा एक घटक आहे, ते येथे एकटेच सारे रान होऊन बसते.

यासाठी अमेरिकेतील यादी उचलून उपयोग नाही. तिकडचे देशी ते येथे परके. कोकणात सुरंगी व उंडी, विदर्भात मोह व तेंदू, अवर्षणप्रवण तालुक्यांत हिवर, बोर, खैर असा प्रदेशवार विचार करावा लागेल. आणि सोलापूर-अहिल्यानगरकडील माळरानावर तर झाड न लावणे हेच कधी कधी योग्य ठरेल. आयोवा संस्थानाने आपल्या मूळ गवताळ माळाचा हजारातला एक भागही शिल्लक ठेवला नाही आणि आता तो रस्त्याच्या कडेला वीतवीत परत पेरला जात आहे. माळढोक आणि तणमोर हे पक्षी गवताचे आहेत, दाट झाडीत ते राहत नाहीत.

अडचण बहुधा इच्छेची नसून रोपांची असते. रोपवाटिकेत जे तयार असते, तेच खड्ड्यात जाते. आयोवात विद्यापीठाचे एक केंद्र उरल्यासुरल्या माळांवरून बी गोळा करून वाढविते आणि जिल्ह्यांच्या रस्ते विभागांना पुरविते. गावपातळीवर हे काम शाळेच्या मदतीने होऊ शकते. करंजाच्या शेंगा व बहाव्याच्या लांब शेंगा उन्हाळ्यात झाडावर वाळलेल्या मिळतात. करंजाचे बी ताजेच पेरावे, ते फार काळ टिकत नाही. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असते. ते खरखरीत दगडावर थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मग पिशवीत लावावे.