एकवीस दिवसांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी चौसाळा येथे केलेले भाषण)



गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचे काम मी शिकले, त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय ऐकून काहीजणींनी पदर तोंडाला लावला. परंतु जिच्या दुधावर घरचे मीठमिरची चालते, ती गाय गाभण कशी राहते हे बोलण्यात संकोच कसला?

ही विद्या आपल्या देशात नवी नाही. १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्ममध्ये डॉ. संपत कुमारन यांनी तिचा पहिला प्रयोग केला. १९४९ साली इंग्लंडातील शास्त्रज्ञांना ग्लिसरीन घालून रेत गोठविण्याची युक्ती सापडली. त्यामुळे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात वळूचे रेत वर्षानुवर्षे टिकते. आपल्या महाराष्ट्रात गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ संस्था काढली आणि रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली.

शिकताना पहिला धडा हाताचा असतो. डावा हात शेणाच्या वाटेने आत घालून गर्भाशयाचे मुख चाचपावयाचे. ते बोटांना कोंबडीच्या मानेसारखे टणक लागते. रेताची कांडी साधारण ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून, पुसून, बंदुकीत भरावयाची आणि मुखाच्या पलीकडे अलगद सोडावयाची. घाई केली तर आत इजा होते, म्हणून शिक्षण घेतल्यावाचून हे काम कोणी करू नये.

परंतु भगिनींनो, हात कितीही तरबेज असला तरी वेळ चुकली की सारे व्यर्थ. आणि ती वेळ रेतन करणाऱ्याला कळत नाही. गोठा झाडणारीला, धार काढणारीला कळते. गाय हंबरते, चारा टाकते, दूध चोरते, वारंवार लघवी करते, काचेसारखा स्वच्छ सोट टाकते. दुसरे जनावर अंगावर चढले तर स्थिर उभी राहते, ही सर्वांत खरी खूण. म्हैस मात्र लाजाळू! तिचा माज मुका असतो, बहुधा रात्री नाहीतर पहाटे दिसतो. उन्हाळ्यात तर फारच लक्ष ठेवावे लागते.

नियम सोपा आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुष्कळ घरी बाईला खूण दिसते, पण सासऱ्यांपुढे किंवा दिरांपुढे ती बोलू कशी म्हणून गप्प बसते. माज अर्ध्याएक दिवसात ओसरतो आणि पुढचा सुमारे एकवीस दिवसांनी येतो. एकवीस दिवसांची वैरण आणि पाणी भाकड गाईला घालणे आपल्या अवर्षणाच्या मुलखात कोणाला परवडते? दोन माज चुकले तर दीड महिना गेला!

म्हणून माझी विनंती एवढीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाची आणि रेतनाची तारीख लिहा. एकवीस दिवसांनी गाय उलटते का ते पाहा. तीन महिन्यांनी गाभण असल्याची तपासणी करून घ्या. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस दहा महिन्यांनी.

कांडी कोणत्या वळूची, हेही विचारा. देवणी, लाल कंधारी ह्या आपल्या मराठवाड्याच्या जाती उन्हात टिकणाऱ्या आहेत. त्या शुद्ध राखाव्यात. संकरित गाय दूध अधिक देते, पण चारा, पाणी आणि सावलीही अधिक मागते. लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीचे रेत भरू नये, वितांना अडते.

रेतनाचे काम आपण सर्वजणींनी शिकावे असे मी म्हणत नाही. परंतु “गाय माजावर आली आहे, आज बोलावून घ्या,” एवढे वाक्य प्रत्येकीने घरात मोठ्याने बोलावे. त्यात लाज नाही, शहाणपण आहे.