रहस्यकथेत ग्रहांची साक्ष

(विठ्ठलवाडी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)

कुमारांसाठी लिहिलेली रहस्यकादंबरी हा अभ्यासवर्गाचा विषय कसा, असे काहींना वाटेल. पण चौदा-पंधरा वर्षांची मुले आपले जाहीरनामे वाचत नाहीत. रहस्यकथा मात्र तहानभूक विसरून वाचतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पिढ्यान्‌पिढ्या असाच वाचला गेला. फुरसुंगीच्या या किडकिडीत पोरापाशी ना पैसा, ना वशिला. डोळे उघडे ठेवणे आणि ‘हे असे का?’ म्हणून विचारणे, हेच त्याचे भांडवल.

अशा कथेत ज्योतिष आले तर? इंग्लंडमधील रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अलौकिक शक्तींना साफ मज्जाव होता. हे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते! कारण उघड आहे. पुरावा वाचकालाही तपासता आला पाहिजे. ग्रहांनीच चोर दाखविला, तर वाचकाने फक्त मान डोलवायची.

म्हणून पत्रिकेला कथेतून हाकलण्याचे कारण नाही. ती ग्रहांविषयी काही सिद्ध करीत नसली तरी माणसांविषयी पुष्कळ सांगू शकते. ती कोणी मांडली? जन्मवेळ कोणी पुरविली? विवाह जमविताना मंगळ कोणी लपविला किंवा चिकटविला? शांतीची दक्षिणा कोणाच्या खिशात गेली? हे प्रश्न विचारणारी मुलगी खरी गुप्तहेर होय.

असा शोध महाराष्ट्रात प्रत्यक्ष घेतला गेला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिष्यांना आवाहन केले. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली, एवढेच विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडविले असते तरी निम्मी उत्तरे जुळली असती. कसोटी चाळीसपैकी अठ्ठावीसची होती. सर्वांत यशस्वी ज्योतिषी चोविसांवर थांबला. येथे कोणाची टिंगल नव्हती. प्रश्न आधी ठरला, उत्तर मागाहून मोजले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. पण मोजलेली संख्या गोळीने बदलत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगू या. कारखाना बंद पडला, मुलाला नोकरी नाही, घरात आजारपण, अशा वेळी आई पत्रिका घेऊन ज्योतिष्याकडे जाते. ती मूर्ख नसते, निराधार असते. ‘साडेसाती आहे’ हे उत्तर तिला धीर देते, पण त्याच वेळी कारखाना कोणी आणि का बंद केला, हा प्रश्न पुसून टाकते. आपली खरी तक्रार या पुसण्याविरुद्ध आहे. केवळ आईला हसणारी कादंबरी अर्धवट राहील. तिच्या भीतीचे मूळ शोधणारी पुरी होईल.

तेव्हा मित्रहो, अशी कादंबरी तुमच्यापैकीच कोणी लिहावी. रेल्वे फाटकाशेजारच्या चाळी, छोटे कारखाने, निर्वासितांनी उभारलेली बाजारपेठ, सारी सामग्री भोवती आहे. शेवटच्या पानावर चोर सापडावाच. पण पुस्तक मिटल्यावर वाचकाने स्वतःच्या घरातील एखाद्या ‘नशिबा’ची चौकशी सुरू करावी.