लाल विंचू, पोटॅशियमचे दार आणि हृदयाचा ठोका
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



औषधशास्त्रावर बोला, पण सर्वांना समजेल असे बोला, अशी मंडळाची आज्ञा झाली. म्हणून आज मी आपल्याला एका विंचवाची गोष्ट सांगणार आहे. हा कोकणातला लाल विंचू. लांबीला दोन-तीन इंच, पण त्याच्या दंशाने कोकणात कितीतरी घरांतली लहान मुले गेली. आणि याच विंचवाच्या विषातला एक अंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत हृदयाच्या ठोक्याचा अभ्यास करायला वापरतात. या दोन्ही गोष्टींचा संबंध शरीरातल्या पेशींच्या एका दाराशी आहे. त्याला पोटॅशियम चॅनल म्हणतात.

भिलाईकरांना हे दार समजणे अवघड नाही. कारखान्याच्या मेन गेटवर पाळी बदलते तेव्हा एका पाळीची माणसे आत जातात, दुसरीची बाहेर पडतात. पेशीचेही असेच आहे. सोडियमचे कण आत शिरले की पेशी उत्तेजित होते. पोटॅशियमचे कण बाहेर पडले की ती शांत होते आणि पुढच्या कामाला तयार होते. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे अशी एक पाळी. मिनिटाला सत्तर धरले तर दिवसाला सुमारे एक लाख पाळ्या होतात. आता बाहेर जाण्याचे फाटकच कोणी अडवले तर? पहिली पाळी वेळेवर संपणार नाही आणि पुढचे सगळे वेळापत्रक बिघडेल. जो पदार्थ हे फाटक अडवतो, त्याला पोटॅशियम चॅनल ब्लॉकर म्हणतात.

लाल विंचवाच्या विषात अशी अनेक द्रव्ये असतात. काही सोडियमचे दार नीट बंद होऊ देत नाहीत, काही पोटॅशियमचे दार अडवतात. म्हणजे आत येणारे थांबत नाहीत आणि बाहेर जाणारे अडकतात. याचा पहिला तडाखा मज्जातंतूंना बसतो. ते भडकतात आणि ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, छाती धडधडते. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते.

हे सारे रुग्णाच्या खाटेशेजारी बसून ज्यांनी टिपले, ते डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले हे तरुण डॉक्टर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. हाताशी साधने बेताचीच. पण विंचूदंशाच्या रुग्णाजवळ थांबायचे, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासागणिक नोंद ठेवायची, हा त्यांचा परिपाठ. त्यातून त्यांना दिसले की माणूस दगावतो तो वेदनेने नव्हे, हृदय निकामी झाल्याने. धोक्याची पूर्वचिन्हे कोणती, यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने छापला.

रोग कळला, आता उपाय हवा होता. रक्तदाबासाठी प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा बाजारात होती. ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांवर जिथे काम करतात, ती जागाच ही गोळी अडवते. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ मध्ये आपला अनुभव ‘लॅन्सेट’मधून जगासमोर ठेवला. त्यांच्या नोंदींनुसार प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. विषाने अडवलेले दार उघडणारे औषध त्यांच्याकडे नव्हते. त्या दारामुळे पुढे जी आपत्ती येते, तिची वाट त्यांनी रोखली.

पुढे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने महाडमध्येच ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. निम्म्यांना नुसते प्राझोसिन दिले, निम्म्यांना त्याच्या जोडीला मुंबईच्या हाफकिनची विंचूविषावरची लस दिली. दहा तासांत पूर्ण बरे होणारे पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता दुसरी बाजू. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन वेगळे केले. त्याला ‘आयबेरिओटॉक्सिन’ म्हणतात. नावात कोकणचा मागमूस नाही, पण मूळ आपल्या विंचवातच आहे. पोटॅशियमची दारे अनेक प्रकारची असतात. हे प्रथिन त्यांतले ‘बीके’ नावाचे मोठे दार नेमके अडवते. शेकडो कुलपांपैकी एकालाच लागणारी किल्ली मिळावी, तसे हे झाले. एखाद्या पेशीत ते दार काय काम करते हे पाहायचे, तर ते बंद करून काय बिघडते ते पाहावे!

हृदयाचा ताल ठरवणारी एक छोटी गाठ असते, तिला सायनस नोड म्हणतात. २०१४ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या या गाठीतल्या पेशींचे बीके दार बंद केले, तेव्हा त्या पेशींचा ताल मंदावला. इथे एक गंमत आहे. सबंध विष माणसाच्या अंगात गेले तर हृदय बहुधा धावत सुटते. त्यातला एकच अंश सुट्या पेशीला दिला तर ताल मंदावतो. विरोध वाटतो, पण दोन्ही खरे आहे. माणसात मज्जातंतू आहेत, ॲड्रिनॅलिन आहे. बशीतल्या पेशीला ते काही नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, प्रयोगशाळा दार दाखवते, पण घरात काय चालले आहे ते रुग्णच सांगतो. बिरवाडीची वही नसती, तर नुसत्या किल्लीने एकही मूल वाचले नसते.

याच संदर्भात आपल्या घरातल्या औषधांविषयी थोडे सांगतो. हृदयाच्या स्नायूला शांत करणारे पोटॅशियमचे एक मुख्य दार वेगळे आहे, त्याला ‘हर्ग’ म्हणतात. ते अडवणारे ई-४०३१ हे जपानी रसायन संशोधनात वापरले जाते. पण सर्दीच्या आणि पोटाच्या काही गोळ्याही नकळत तेच दार अडवतात, असे ध्यानात आले. ॲलर्जीवरचे टरफेनॅडीन आपल्या देशात २००३ मध्ये आणि आम्लपित्तावरचे सिसाप्राइड २०११ मध्ये बंद झाले, ते हृदयाच्या तालाला असलेल्या धोक्यामुळेच. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही तीत लिहाव्यात. दोन निरुपद्रवी गोळ्या एकत्र आल्या की धोकादायक ठरू शकतात.

आणि शेवटी विंचवाविषयी. आपले जुनवानी परवापरवापर्यंत खेडेच होते. आजही विटांचे ढीग, लाकडे, पडवीतले जोडे ही विंचवाची आवडती ठिकाणे. रात्री जोडे झटकून घालावेत, मुलांना अनवाणी हिंडू देऊ नये. दंश झाला आणि घाम, उलटी, थंड हातपाय यांपैकी काही दिसले, तर मंत्र, बैगा-गुनिया, जखमेवर चिरा यांत वेळ घालवू नये. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये, सरळ दवाखाना गाठावा. प्राझोसिन घरी ठेवून स्वतःच देण्याचा मोह मात्र टाळावा. रक्तदाब एकदम उतरू शकतो, ते काम डॉक्टरांचेच.

एका खेड्यातल्या डॉक्टरने लक्षपूर्वक पाहिले आणि लिहून ठेवले, एवढ्यावर एका जीवघेण्या दंशाचे भय ओसरले. इथे बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी कारखान्यात जाईल. जिथे असाल तिथे नीट पाहा आणि वहीत नोंद ठेवा, एवढेच सांगणे आहे.