रोजची डोकेदुखी आणि रोजची गोळी



बोनस आणि महागाईभत्ता सोडून आम्ही डोकेदुखीवर बोलणार, असे कळल्यावर काहींनी विचारले, 'तुम्ही डॉक्टर केव्हा झालात?' आम्ही सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. पण सहा वर्षे आमचे डोके जवळजवळ रोज दुखत होते. तेवढा अधिकार पुरेसा समजावा.

मागावरच्या कामगाराला हे नवे नाही. रात्रपाळी, खडखडाट, अर्धी झोप, चुकलेले जेवण. डोके उठले की पानपट्टीवरची गोळी, वर चहा, आणि माग चालू! एका कारखान्यात मुकादमच गोळ्यांची डबी बाळगी. पंखा मागितला की गोळी मिळे.

तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, तर ते दुखणे जुनाट समजतात. अशा माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ दिवस, किंवा मिश्र औषधांची गोळी १० दिवस, अशी महिनोन् महिने घेतली, तर तीच गोळी दुखणे टिकवून धरू शकते. सावकाराचे व्याज फेडायला त्याच सावकाराकडून कर्ज काढावे, तसा हा प्रकार.

यावर दुसऱ्या जातीची औषधे आहेत: प्रतिबंधक. ती दुखो न दुखो, रोज घ्यायची. त्यांपैकी बरीचशी मुळात दुसऱ्याच रोगांवरची. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचे औषध. ते घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी होते, हे १९६६ च्या सुमारास ध्यानात आले. अमिट्रिप्टिलिन उदासीनतेवरचे; डोकेदुखीसाठी ते रात्री अगदी थोड्या मात्रेत, बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. टोपिरामेट फेफऱ्यावरचे. म्हणून चिठ्ठी वाचून 'मला वेडाची गोळी दिली' असे म्हणत घाबरू नये. मात्र दुसऱ्याची गोळीही उचलू नये. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. गरोदरपणी टोपिरामेट गर्भाला घातक ठरू शकते.

खरी अडचण धीराची आहे. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी अधिकही लागतात. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, झोप येते. आम्ही दोनदा दुसऱ्याच आठवड्यात औषध सोडले. तिसऱ्या वेळी विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखऱ्या दिवसांच्या फुल्या मारायला लावल्या आणि नेहमीची गोळी बंद केली. पहिले दहा दिवस डोके अधिकच उठले. तिसऱ्या महिन्यात फुल्या मोजल्या, तर बावीसच्या नऊ झाल्या होत्या! दिवस निम्मे झाले तरी डॉक्टर यश मानतात.

युनियनची वर्गणी कोणी संपाच्या दिवशी गोळा करीत नाही. ती शांततेच्या महिन्यांत भरावी लागते. प्रतिबंधक औषधाचे तसेच आहे.

परंतु डोके अचानक फुटल्यासारखे दुखले, सोबत ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले, किंवा पन्नाशीनंतर नवेच दुखणे सुरू झाले, तर कॅलेंडर न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

आणि हो, औषध लागू पडले म्हणून पंख्याची मागणी आम्ही सोडलेली नाही. झोप, पाणी आणि वारा हीही प्रतिबंधक औषधेच आहेत. ती मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत नाहीत.