‘संतमस’ : एका ग्रहाचे नाव आणि आपली भाषा

(पार्से, पेडणे येथे मराठीचे शिक्षक, लेखक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘संतमस’. हे एका ग्रहाचे नाव आहे, पण तो आपल्या सूर्यमालेतला नाही. मी साहित्याचा शिक्षक. खगोलशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही भाषेच्या माणसांनी या शब्दाची दखल घ्यायला हवी असे मला वाटते.

आधी ग्रहाविषयी थोडे सांगतो. सिंह राशीच्या दक्षिणेला षष्ठांश नावाचा एक अंधुक तारकासमूह आहे. त्यात सुमारे ३४० प्रकाशवर्षे अंतरावर सूर्यासारखा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ताऱ्यांच्या यादीत त्याची नोंद ‘एचडी ८६०८१’ अशी आहे. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, हे २००६ साली जाहीर झाले. हा वायूचा महाकाय ग्रह आहे आणि त्याचे वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट आहे. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. हा मात्र दोन दिवस आणि तीन-साडेतीन तासांत फेरी पूर्ण करतो. इतका तो ताऱ्याला लगटून आहे, आणि म्हणूनच भट्टीसारखा तापलेला असणार. त्याला कोणी दुर्बिणीतून पाहिलेले नाही. त्याच्या ओढीने तारा किंचित हेलकावतो, तो हेलकावा ताऱ्याच्या प्रकाशात उमटतो, आणि त्यावरून ग्रह ओळखला गेला.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने शंभराहून अधिक देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव देण्यासाठी वाटून दिला. भारताच्या वाट्याला ही जोडी आली. लोकांकडून नावे मागवली गेली, मतदान झाले. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले. विश्वकिरणांवर मोलाचे संशोधन करणाऱ्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या स्त्री-संशोधक बिभा चौधुरी यांचे हे स्मरण. आपण ‘विभा’ म्हणतो, तेच बंगालीत ‘बिभा’. अर्थ प्रभा, तेज. ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव सुचवले ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने.

आता शब्दाकडे वळू. माझ्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की विद्यार्थी त्यातला ‘संत’ वेगळा काढतात. पण इथे संतांचा संबंध नाही. फोड ‘सम्’ आणि ‘तमस्’ अशी आहे. अव, सम् आणि अंध यांच्यापुढे ‘तमस्’ आला की तो अकारान्त होतो, असा पाणिनीचा नियमच आहे. अमरकोशाने या तिन्ही शब्दांचे अर्थ निगुतीने वेगळे केले आहेत : दाट काळोख तो अंधतमस, विरळ काळोख तो अवतमस, आणि चहूकडे पसरलेला तो संतमस.

नामकरणाच्या वेळी मात्र या शब्दाचा अर्थ ‘ढगाळलेला’ असा सांगितला गेला, कारण त्या ग्रहाचे वातावरण मेघांनी भरलेले असावे, अशी कल्पना होती. मग बरोबर काय, ढग की काळोख? कोकण-गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न अडवत नाही. आषाढात भर दुपारी आभाळ असे भरून येते की घरात दिवा लावावा लागतो. तो काळोख रात्रीचा नसतो, ढगांचा असतो, आणि तो कोपऱ्यात न बसता चारी बाजूंनी येतो. कोशातला संतमस आणि नामकरणातला ढग इथे एक होतात.

या अनुभवाला आपल्याकडे शब्दही आहेत. ‘झाकोळ’ आहे, ‘मळभ’ आहे. गंमत पाहा, ग्रांथिक मराठीत मळभ म्हणजे ढगांनी झाकलेले आभाळ. आणि आपल्या घरच्या कोकणीत ‘मळब’ म्हणजे सगळे आभाळच, निरभ्र असले तरी. शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांनी एका शब्दाचे दोन संसार केले. संस्कृत शब्द मुलांपर्यंत न्यायचा तर तो या घरच्या शब्दांच्या हाताला धरून न्यावा लागतो.

परिभाषा घडवतानाही हेच लक्षात ठेवावे. परक्या ताऱ्यांच्या ग्रहांना काहीजण ‘बहिर्ग्रह’ म्हणतात. पण मंगळ, गुरू, शनी या पृथ्वीपलीकडच्या ग्रहांना मराठीत आधीपासून बहिर्ग्रह म्हटले जाते. एकाच शब्दावर दोन ओझी कशाला? ‘वायुराक्षस’ हा शब्दही मला नकोसा वाटतो; ‘महाकाय वायुग्रह’ म्हटले की पुरते. असे पाच हजारांहून अधिक परके ग्रह आज माहीत आहेत. शब्द लागणारच आहेत.

हे सारे पार्से गावात का सांगतो आहे? आपली मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात, आणि पुढे विज्ञान त्यांना बहुधा इंग्रजीतूनच भेटते. मराठी उरते ती कवितेपुरती, आरतीपुरती, पत्रलेखनापुरती. ज्या भाषेत प्रश्न विचारले जात नाहीत, ती भाषा प्रेमाची राहते, पण विचाराची राहत नाही. मला भीती आहे ती याची.

हे असेच व्हायला हवे, असे मात्र नाही. मुरूडला जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. भारतीय ज्योतिषाचा संपूर्ण इतिहास त्यांनी मराठीत लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. ते काम मराठीला झेपले, तर आजचेही झेपेल. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहून तेच दाखवले.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. मराठीच्या तासाला महिन्यातून एकदा विज्ञानातली एखादी नवी गोष्ट घ्या. मुलांना ती घरच्या शब्दांत सांगू द्या, अडली तर नवा शब्द करू द्या, आणि मग कोश उघडून तो शब्द तपासू द्या. पुण्यातल्या त्या मुलाने एक शब्द शोधला आणि जगाच्या नकाशावर नव्हे, आकाशाच्या नकाशावर तो उमटला. पेडण्यातल्या मुलांच्या बोलीत असे कितीतरी शब्द आहेत. ते त्यांना कोणी विचारले पाहिजेत.