जखम भरून येते ती कशी?

भाजी चिरतां चिरतां विळीची धार बोटाला लागते. रक्ताचे चार थेंब पडतात, बोट पाण्याखालीं धरलें जातें, वर स्वच्छ चिंधी बांधली जाते आणि काम पुढें चालू होतें. आठ-दहा दिवसांत खपली पडते व त्या जखमेची आठवणहि उरत नाहीं. त्याच घरांतील मधुमेही वडील माणसाच्या पायाला चप्पल लागते, आणि तो लहानसा व्रण महिनेच्या महिने भरत नाहीं. एक जखम भरावी आणि दुसरी कां भरूं नये? ह्याचें उत्तर शोधावयाचें तर कातडीबरोबर रक्तांतील पांढऱ्या पेशींकडेहि पाहावें लागतें.

ह्या शोधाचा आरंभ गुलाबाच्या कांट्यानें झाला. १८८२ सालीं रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ हे सिसिली बेटावरील मेसिना शहरीं राहत होते. तारामाशाच्या पारदर्शक पिलांत हिंडणाऱ्या पेशी ते सूक्ष्मदर्शकांतून पाहत असत. ह्या पेशी शरीराचें रक्षण करीत असल्या, तर बाहेरचें कांहीं टोचतांच त्या तेथें धांवून आल्या पाहिजेत, असें त्यांच्या मनांत आलें. बागेंतील गुलाबाचे कांटे आणून त्यांनीं ते पिलांच्या कातडीखालीं खुपसले. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहतात तों कांट्याभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! रोगाचा पूर्वानुभव नसतांहि जी जन्मतः अंगीं असते, तीच ही उपजत प्रतिकारशक्ति. प्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल १९०८ सालीं मेचनिकॉफ व पॉल एर्लिख ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

माणसाच्या जखमेंतहि असाच प्रकार घडतो. प्रथम रक्त गोठतें. कांहीं तासांतच न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनींतून बाहेर येऊन जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत त्यांच्यामागून मॅक्रोफेज ह्या मोठ्या भक्षक पेशी येतात आणि मेलेले जंतु व मृत पेशी गिळून जागा साफ करतात. इकडे जखमेच्या कडेला कातडीच्या पेशीहि स्वस्थ नसतात. एरवीं त्या खालच्या थराला आणि एकमेकींना घट्ट धरून असतात. जखमेनंतर सुमारें एका दिवसांत त्या ही पकड सैल करतात, चपट्या होतात आणि खपलीखालच्या ओलसर भागांतून वाट कापीत पुढें सरकूं लागतात. समोरच्या कडेच्या पेशी भेटल्या कीं थांबतात.

त्यांना निघण्याचा इशारा कोण देतें? थोडा इशारा जखमी कातडीच देते. परंतु भक्षक पेशींचाहि त्यांत मोठा वांटा आहे. अमेरिकेंतील रसेल रॉस ह्यांनीं सहकाऱ्यांसह गिनीपिगांवर दोन प्रयोग केले. १९७२ सालच्या प्रयोगांत न्यूट्रोफिल जवळजवळ नाहींशा करूनहि जंतुविरहित जखम नेहमींप्रमाणें भरली. १९७५ सालीं मॅक्रोफेज कमी केल्या, तेव्हां मात्र जखमेंतील घाण तशीच राहिली व नवें मांस धरण्यास विलंब लागला. म्हणजे जंतु मारणें हें एक काम, आणि दुरुस्तीला लावणें हें दुसरें. मॅक्रोफेज जीं वाढीचीं द्रव्यें स्रवतात, त्यांनीं कडेच्या पेशी वाढतात आणि पुढें सरकतात. कातडीच्या पेशीहि निव्वळ हुकुमाच्या ताबेदार नव्हेत. एलएल-३७ नांवाचें एक द्रव्य त्या स्वतः बनवितात. तें जंतूंचा नाश करतें आणि त्याच पेशींना पुढें सरकण्यासहि लावतें.

परंतु हा बंदोबस्त वेळेवर उठला पाहिजे. न्यूट्रोफिलांचीं पाचक द्रव्यें घरचें आणि परकें असा भेद जाणत नाहींत. चांगल्या जखमेंत न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि त्या गिळण्यानेंच त्यांचा स्वभाव पालटूं लागतो. लढाई सोडून त्या बांधकामाला लागतात. मधुमेहांत हा पालट अडतो. पांढऱ्या पेशी जखमेंत रेंगाळतात, परंतु त्यांची जंतु मारण्याची शक्ति उणी झालेली असते. त्यांचीं द्रव्यें वाढीच्या द्रव्यांना, आणि ज्या जाळ्यावरून कातडीनें सरकावयाचें त्या जाळ्यालाहि खातात. कडेच्या पेशी संख्येनें वाढतात, पण जागच्या जागीं थर रचून बसतात. त्यांत पायाचा रक्तपुरवठा मंद आणि संवेदना बधिर झालेली असली, म्हणजे लहानसा व्रण पायावर बेततो.

जखम उघडी टाकून वाळवावी, ही समजूत घरोघर आढळते. १९६२ सालीं जॉर्ज विंटर ह्यांनीं डुकरांच्या उथळ जखमांवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावून पाहिला. झांकलेल्या, ओल टिकलेल्या जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या सुमारें दुप्पट वेगानें पसरली. कोरड्या खपलीखालीं पेशींना खोल वाट खणावी लागते. म्हणून साधी जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी व स्वच्छ पट्टीनें झांकावी. पहिल्या दिवसांतली थोडी लाली व सूज ही पेशींच्या कामाची खूण होय. लाली पसरूं लागली, ताप आला किंवा पू झाला, तर मात्र डॉक्टरांकडे जावें. मधुमेही माणसाच्या बाबतींत तेवढीहि वाट पाहूं नये. त्याचे तळपाय रोज उजेडांत पाहावे. ज्या पायाला स्वतःचें दुखणें कळत नाहीं, त्याचें दुखणें घरच्यांच्या डोळ्यांनींच ओळखलें पाहिजे.